कुलूप, किल्ली आणि भरवसा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या जीपची किल्ली हरवली. कधी हरवली ते मात्र सांगता येत नाही. जीप गेली पाच-सहा वर्षं गोठ्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. तिला कुणी हात लावत नव्हतं, म्हणून किल्लीचीही आठवण कुणाला नव्हती. नोंदणीची मुदत संपत आली, आरटीओत गाडी नेऊन दाखवायची वेळ आली, तेव्हा मी कोनाड्यात हात घातला. किल्ली नव्हती. मग डबे उपसले, अब्बांच्या जुन्या कोटांचे खिसे उलटे केले, धान्याच्या कोठीमागं बॅटरी मारून पाहिली. घरातल्या सगळ्यांनी एकमेकांना विचारून झालं. किल्ली मिळाली नाही. पण तिच्या शोधात दुसरंच काहीतरी हाती लागलं, जे मी तीस वर्षांहून अधिक काळ विसरायचा प्रयत्न करत होतो. आज त्याबद्दल बोलायचं आहे. आधी मात्र किल्लीबद्दल.

मी कवी माणूस. वस्तू हरवली की आधी तिचा शब्द शोधतो. आपण मराठीत 'कुलूप' म्हणतो, तो शब्द अरबी 'कुफ्ल'वरून फारसीमार्गे आपल्याकडे आला. 'चावी' ही पोर्तुगीजांची देणगी, त्यांच्या 'शाव्ह'ची आपण चावी केली. आणि 'किल्ली'चं नातं संस्कृतातल्या 'कील'शी सांगितलं जातं. कील म्हणजे खुंटी, खिळा. एवढ्याशा लोखंडाच्या तुकड्यात तीन मुलखांची ये-जा आहे. कुलूप कुठून आलं आणि चावी कुठून आली याचा विचार न करता आपल्या आयाबहिणी पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही कमरेला लावून निर्धास्त फिरल्या.

आमच्या गावाचं नावही एका किल्लीच्या गोष्टीशी जोडलेलं आहे. नशिराबाद हे जळगावहून भुसावळकडे जाताना दहाएक किलोमीटरवर, महामार्गाला लागून असलेलं गाव. भादली स्टेशन जवळ, बहिणाबाईंचं आसोदंही जवळ. गावाचं नाव खानदेशच्या नसीरखान फारुकीवरून पडलं असं मानतात. हा नसीरखान 1399 मध्ये गादीवर आला. बऱ्हाणपूर वसवलं ते त्यानंच. त्याची अशीरगड घेतल्याची गोष्ट फिरिश्ता या इतिहासकारानं सांगितली आहे. गडाचा धनी होता आसा अहीर. नसीरखानानं त्याला निरोप धाडला, की मला शत्रूंचं भय आहे, माझ्या घरच्या बायकामुलांना तुझ्या गडावर आसरा दे. आसा अहिरानं दरवाजे उघडले. डोल्या आत गेल्या आणि डोल्यांतून हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. पुढं दोनशे वर्षांनी, 1601 च्या जानेवारीत, हाच अशीरगड फारुकींच्या हातून अकबराकडे गेला. त्या वेळी गडावरचे लोक पैशानं फोडले, म्हणजे अकबरानं सोन्याच्या किल्लीनं गड उघडला, असं म्हणतात. दख्खनची किल्ली म्हणवणारा हा गड दोन्ही वेळा तोफेनं पडला नाही. आतल्या माणसाच्या भरवशातून तो उघडला. आमच्या गावाच्या नावातच ही जुनी चूक बसलेली आहे, असं मला पुष्कळदा वाटतं.

आता गाडीच्या किल्लीकडे येऊ. पहिल्या मोटारींना किल्ली नव्हतीच. समोर हँडल घालायचं, जोर लावून फिरवायचं, की गाडी सुरू. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. ज्याच्या मनगटात जोर आणि डोक्यात मशिनची माहिती, त्याचीच गाडी सुरू होई, आणि अशी माणसं गावात एखाददुसरीच. मग कुलपाची गरज काय? 1912 मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर आला. गाडी सुरू करायला ताकद लागेनाशी झाली, म्हणजे कुणालाही ती सुरू करता येऊ लागली. सोय आली, तिच्या पाठोपाठ कुलूप आलं.

फोर्डची 'मॉडेल टी' ही जगातली पहिली सामान्य माणसाची मोटार. 1908 ते 1927 या काळात दीड कोटीच्या आसपास गाड्या निघाल्या. तिच्या स्विचला 1919 पासून ज्या किल्ल्या येत, त्यांचे नंबर 51 पासून 74 पर्यंत. म्हणजे लाखो गाड्या आणि किल्ल्यांच्या तऱ्हा फक्त चोवीस. नंबर स्विचवरच उमटवलेला. किल्ली हरवली तर दुकानात जाऊन नंबर सांगायचा आणि किल्ली घेऊन यायची. चोरालाही तीच सोय होती, हे उघड आहे. तेव्हा कुलपाचा अर्थ 'तू चोर आहेस' असा नव्हता. 'ही गाडी दुसऱ्याची आहे, एवढं लक्षात असू दे' असा होता. आपल्याकडे शेताच्या बांधावर काटेरी फांदी आडवी टाकतात, तसं.

किल्ली फिरवली की गाडी सुरू, ही आजची पद्धत 1949 मध्ये क्रायस्लर मोटारींत आली. तोवर किल्लीनं फक्त विजेचा रस्ता मोकळा व्हायचा, आणि स्टार्टरसाठी वेगळं बटण दाबावं लागायचं, पुष्कळदा पायानं. पुढं साठ-सत्तरच्या दशकांत स्टिअरिंगलाच कुलूप लागलं. म्हणजे तारा जोडून गाडी सुरू केली तरी वळवता येऊ नये. 1986 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा तुकडा बसवला गेला. तो जुळला नाही तर गाडी सुरूच होत नसे. नव्वदच्या दशकात किल्लीच्या मुठीत चिप आली. आता किल्ली नुसती कुलपात बसून भागत नाही. गाडीतला संगणक तिला नाव विचारतो आणि नाव पटलं तरच इंजिन सुरू करू देतो.

आपल्याकडची तऱ्हा निराळी होती. मुंबईत लालबागला 1897 मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून घराला, तिजोरीला चांगलं कुलूप मिळू लागलं. गाडीच्या कुलपाचं मात्र आपण फारसं मनावर घेतलं नाही. मैसूरला 1960 च्या सुमारास तयार होऊ लागलेली जावा मोटरसायकल आठवून पाहा. तिची किल्ली म्हणजे अक्षरशः खिळा, वर चपटं डोकं. हेडलाइटच्या घरात खुपसायचा आणि फिरवायचा. एका जावाची किल्ली दुसरीला चाले, आणि तीही नसली तर योग्य जाडीचा खिळा चाले. 'कील' हा शब्द कुठून आला, ते जावाची किल्ली पाहिली की पटतं. आकुर्डीच्या बजाज स्कूटरचंही तसंच. त्या काळच्या बऱ्याच स्कूटरना इंजिन सुरू करायला किल्ली लागतच नसे. किक मारायची, बंद करायला बटण दाबायचं. किल्ली लागायची ती हँडल लॉकला. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली स्कूटर, आणि तिला एवढंसं कुलूप! पण गल्लीत कुणाकडे कुठल्या रंगाची स्कूटर आहे हे लहान पोरालाही माहीत असे. खरं कुलूप ते होतं.

आमची जीप याच जातीची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची विलीज जीप रणांगणावर गेली, तेव्हा सुरुवातीला तिला किल्ली होती. पण युद्धात ज्याच्या हाती गाडी लागेल त्यानं ती चालवायची असते. म्हणून अमेरिकन लष्कराच्या कितीतरी गाड्यांना एच-700 या एकाच नंबराची किल्ली ठेवलेली होती. पुढं तर किल्लीच काढून टाकली आणि नुसती फिरवायची खिटी बसवली. ही जीप भारतात जुळवायला सुरुवात झाली 1947 मध्ये, मुंबईला. ते काम करणारी कंपनी 1945 मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघाली होती आणि तिचं मूळ नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. इकडं 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. इंग्रजीतली आद्याक्षरं तीच राहिली. फाळणीत लाखो माणसं घराला कुलूप लावून, किल्ली कनवटीला खोचून, चार दिवसांत परत येऊ म्हणून निघाली. इकडूनही निघाली आणि तिकडूनही. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. अब्बा म्हणायचे, आपल्या घराची किल्ली शेजारच्या खुंटीला आहे, ती सोडून जायचं कुठं?

ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती. अब्बांनी 1986 मध्ये ही जीप सेकंडहँड घेतली, तेव्हा आमच्या गल्लीत दुसरं चारचाकी वाहन नव्हतं. केळीचे घड, खताची पोती, लग्नाची वऱ्हाडं, सगळं तिच्यातून जायचं. आणि रात्रीबेरात्री आजारी माणूस. कुणाला विंचू चावला, कुणी बाळंतीण अडली, की लोक आमचं दार वाजवायचे. अब्बा वारंवार बाहेरगावी असत. तेव्हा शेजारच्या लेवा पाटलांच्या घरातले अण्णा जीप चालवत. जीपबरोबर किल्ली एकच मिळालेली होती. अब्बांनी ठरवलं, दुसरी करून घ्यावी आणि अण्णांच्या घरी ठेवावी.

किल्ली करायला आठवड्याच्या बाजारात एक शिकलगार बसायचा. डोक्याला पगडी, समोर गोणपाट, त्यावर लोखंडी कड्यात ओवलेल्या शेकडो किल्ल्या. तो चालला की त्या खुळखुळत आणि मुलं मागं लागत. अब्बा त्याला सरदारजी म्हणत. शिकलगार या शब्दाचं मूळ अरबी 'सैकल', म्हणजे धातूला चकाकी देणं. हे लोक मूळचे हत्यारं घडवणारे, धार लावणारे. महाराष्ट्रात मुसलमान शिकलगार आहेत, शीख शिकलगारही आहेत. शीख शिकलगार आपलं नातं गुरू गोविंदसिंगांच्या फौजेला शस्त्रं पुरवणाऱ्या कारागिरांशी सांगतात. इंग्रजांनी 1878 चा शस्त्र कायदा आणला, त्यानंतर हत्यारांचं काम आटत गेलं. तलवारीवर चाललेले हात कुलूप-किल्ली, बादल्या, कढया यांच्याकडे वळले. राहायला पालं, आज या गावात, उद्या त्या गावात.

सरदारजीनं जीपची किल्ली केली तेव्हा मी जवळ उभा होतो. नमुना हाती असला तर किल्ली करणं सोपं. कोरी पट्टी आणि जुनी किल्ली शेजारी शेजारी धरून कानस चालवायची. पण अब्बा म्हणाले, जुनी किल्ली झिजली आहे, तिची नक्कल केली तर झीजही उतरेल, तू कुलपावरूनच कर. मग मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढं आहे.

अशा कुलपाच्या आत चार-सहा पातळ पत्त्या असतात. प्रत्येकीमागं बारीक स्प्रिंग. योग्य किल्ली आत गेली की प्रत्येक पत्ती नेमकी जिथं हवी तिथं येऊन थांबते आणि आतली नळी फिरते. एक पत्ती केसभर जरी वर-खाली राहिली तरी कुलूप अडतं. सरदारजीनं कोरी किल्ली चिमणीच्या ज्योतीवर धरून काजळी चढवली. ती कुलपात घालून हलकेच दोन्हीकडे वळवली आणि बाहेर काढली. काजळीवर पत्त्यांच्या टोकांच्या बारीक खुणा उमटल्या होत्या. जिथं खूण, तिथं कानशीचे दोन हात. पुन्हा काजळी, पुन्हा कुलपात, पुन्हा खुणा. जिथं खूण उमटायची थांबली ती जागा पुरी झाली असं समजायचं आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. हे पंधरा-वीस वेळा झालं. बोलणं नाही, घाई नाही. कुलूप त्याला आतून काहीतरी सांगत होतं आणि तो ऐकत होता, असं मला वाटलं. मी तेव्हा जळगावला बीएला होतो, नुकत्या कविता लिहायला लागलो होतो. नको ते खोडून हवं तेवढं ठेवण्याचा पहिला धडा मला या माणसानं दिला, असं आज म्हणता येतं. किल्ली फिरली. त्यानं पैसे घेतले, कपाळाला लावले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. ही 1991 मधली गोष्ट.

महिनाभरानं एका सकाळी जीप दारात नव्हती. अब्बा लग्नाला मालेगावला गेलेले. अण्णांच्या दाराला कुलूप. कापणीचे दिवस होते, रानात गेले असतील असं वाटलं. कोनाड्यात पाहिलं तर किल्ली जागच्या जागी. मग गाडी नेली कशी? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसरी किल्ली! ती ज्यानं केली त्यानं तिसरीही केली असेल. अब्बांनी दुसरी किल्ली कुठं ठेवली हे मला माहीत नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नाही. त्या दिवशी बाजार होता. मी चार पोरं घेऊन गेलो आणि सरदारजीला गोणपाटावरून उठवलं.

पारावर गावातली मोठी माणसं जमली. त्याची थैली उलटी केली. सगळ्या किल्ल्या धुळीत सांडल्या. आमच्या जीपला लागेल अशी किल्ली त्यात आहे का, हे पोरं शोधू लागली. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, चोरायचीच असती तर मी किल्ली कशाला बनवली असती? तुमची जीप डिझेलची. ती तर उतारावर ढकलली तरी सुरू होते."

तो म्हणाला ते शंभर टक्के खरं होतं. डिझेलच्या इंजिनात ठिणगीचं कामच नसतं. जुन्या जीपमध्ये किल्ली फक्त बॅटरीचा आणि स्टार्टरचा रस्ता मोकळा करते. एकदा इंजिन फिरलं की किल्ली काढून खिशात टाकली तरी ते चालत राहतं. बंद करायला डॅशबोर्डखालची मूठ ओढावी लागते. उतारावर गियरमध्ये सोडली की किल्लीवाचूनही सुरू होते. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोरानं जीपला धक्का मारलेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याच्या तोंडून ते आलं आणि मी ओरडलो, "बघा, याला सगळं माहीत आहे!" आपल्या कामाची माहिती असणं हाच त्याचा गुन्हा ठरला. तो फिरस्ता होता, त्याच्या बाजूनं बोलायला गावात त्याचं कुणी नव्हतं. त्याच्या जागी गावातला सुतार-लोहार असता तर मी एवढा आवाज चढवला असता का? खरं सांगायचं तर नसता.

संध्याकाळी जीप आली. अण्णा चालवत होते. त्यांच्या सुनेला पहाटे कळा सुरू झाल्या, आमच्या घरात अम्मीला उठवण्याएवढाही वेळ नव्हता, म्हणून खुंटीवरची किल्ली घेऊन ते जळगावच्या दवाखान्यात गेले होते. मुलगी झाली होती. अण्णांनी सगळ्यांना पेढे वाटले. पारावरही वाटले. सरदारजीच्या हातातही एक पेढा ठेवला गेला. तो त्यानं घेतला, बाजूच्या दगडावर ठेवला आणि धुळीतल्या किल्ल्या वेचू लागला. एकेक उचलायचा, पुसायचा, कड्यात ओवायचा. अंधार पडेपर्यंत वेचत होता. कुणी त्याला मदत केली नाही. मी तर घरीच निघून आलो.

अब्बा दुसऱ्या दिवशी परतले. हकिकत ऐकल्यावर ते मला एक शब्द बोलले नाहीत. सायकल काढली आणि पालं होती तिथं गेले. पालं उठली होती. नंतर भुसावळला, वरणगावला, यावलला बाजाराच्या दिवशी त्यांनी शोध घेतला. तो पुन्हा भेटला नाही. अब्बांनी त्यानंतर दोन वर्षं जीपची किल्ली माझ्या हातात दिली नाही. एकदा मी धीर करून मागितली, तेव्हा म्हणाले, "किल्ली अमानत असते बेटा. तिला हात लावायला आधी भरवसा ठेवता आला पाहिजे." अमानत म्हणजे दुसऱ्यानं विश्वासानं सोपवलेली ठेव. संशय अंगावर आला की कसं वाटतं, हे मला पुढं कळलं, नोकरीच्या गावी भाड्याची खोली शोधताना. नाव सांगितलं की खोली 'आत्ताच गेलेली' असायची. अशा प्रत्येक दारातून परतताना मला धुळीत सांडलेल्या किल्ल्या दिसायच्या.

तर आता गेल्या उन्हाळ्याकडे परत येतो. किल्ली सापडेना, तेव्हा मी जळगावला किल्ल्या करणाऱ्या एका टपरीत गेलो. टपरी कसली, चांगलं दुकान. तरुण मुलगा, समोर किल्ली कापायचं मशिन, बाजूला लॅपटॉप. हल्लीच्या गाडीची किल्ली हरवली तर त्याला आधी कोरी किल्ली कापावी लागते, मग तारेनं लॅपटॉप गाडीला जोडून चिपची ओळख गाडीत भरावी लागते. जुनी हरवलेली किल्ली गाडीच्या स्मरणातून पुसूनही टाकता येते. तो हे काम सराईतपणे करत होता. माझी पाळी आली. मी म्हटलं, जुन्या जीपची किल्ली करायची आहे. त्यानं मान वर न करता विचारलं, "काका, आरसी बुक आणलंय? आणि आधार कार्ड?"

मला राग आला. माझ्या बापाची जीप, माझ्या दारात उभी, आणि हा पोरगा मला कागद मागतो! तोंडापर्यंत आलेला शब्द मी गिळला. तो म्हणाला, "राग मानू नका. आमच्या वडिलांनी सांगून ठेवलंय, आधी कागद, मग कानस. नाहीतर उद्या काही झालं की पहिलं नाव आमचं येतं." मी कागद दाखवले. त्यानं वहीत नोंद केली, माझी सही घेतली. त्याचे वडील कोण, कुठले, कधी नशिराबादच्या बाजारात बसत होते का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.

तो दुपारी मोटरसायकलवर गावी आला. जीपचं कुलूप पाहिलं. त्यावर नंबर नव्हता, आतल्या पत्त्या गंजून एकमेकींना चिकटलेल्या. काजळीची रीत त्याला ऐकून माहीत होती. "आजोबा करायचे," म्हणाला. पण पत्त्याच हलत नसतील तर खुणा उमटणार कशा? त्यानं सरळ सल्ला दिला, पूर्ण स्विच बदला. बाजारात तसा स्विच मिळतो, दोन किल्ल्यांसकट. बॅटरी सोडवून, तारांच्या जागा नीट पाहून, जुना काढायचा आणि नवा बसवायचा, तासाभराचं काम. तेच केलं. नवी बॅटरी घातली, डिझेलच्या नळीतली हवा काढली, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात जीप धुराचा लोट सोडून सुरू झाली. अम्मी आता थकल्या आहेत, ऐकू कमी येतं, पण तो आवाज त्यांना आतल्या खोलीत ऐकू गेला.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांना दोन गोष्टी सांगतो. किल्ली एकच उरली असेल तर ती हरवायच्या आत दुसरी करून घ्या. नमुन्यावरून किल्ली करणं हे काही मिनिटांचं काम, नमुन्यावाचून दिवस जातो. आणि नव्या गाडीबरोबर किल्लीच्या नंबराची पट्टी मिळाली असेल तर ती किल्लीबरोबर नको, कागदपत्रांबरोबर ठेवा. दोन्ही किल्ल्या जपा, कारण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मागते. एखादी देता आली नाही तर संशय मालकावरच येतो. चोवीस तऱ्हांच्या किल्ल्यांपासून निघालेलं जग इथवर आलं आहे. गाड्यांच्या चोऱ्या होतात, म्हणून हे सगळं लागतं, हे मलाही कळतं. त्या मुलाची वही मला आता अपमान वाटत नाही. त्याच्या आजोबांच्या पिढीजवळ अशी वही असती तर त्यांच्या थैल्या पारावर रिकाम्या झाल्या नसत्या.

जीप आरटीओत नेली. 2022 च्या एप्रिलपासून मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क 600 रुपयांवरून 5000 वर गेलं आणि पुढं आणखी वाढलं, तेव्हा एवढे पैसे या जुन्या लोखंडावर घालायचे का, असं घरात सगळ्यांनी विचारलं. भंगारवाला तर दारात येऊन भावही सांगून गेला होता. मी पैसे भरले. कशासाठी, ते कुणाला नीट सांगता आलं नाही.

नव्या स्विचच्या दोन किल्ल्या होत्या. एक कोनाड्यात ठेवली. दुसरी घेऊन अण्णांच्या घरी गेलो. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या सूनबाई आता आजी झाल्या आहेत. जीपमधून दवाखान्यात गेल्या त्याच या. त्यांची ती मुलगी नाशिकला शिक्षिका आहे. गल्लीत आता पाच-सहा मोटारी उभ्या असतात, फोन केला की रुग्णवाहिका येते. आमच्या जीपची रात्री कुणाला गरज पडेल असं नाही. मी किल्ली पुढं केली तेव्हा सूनबाईंनी 'कशाला?' असं विचारलं नाही. देवघराच्या बाजूला भिंतीत जुनी लाकडी खुंटी आहे. तिच्यावर कॅलेंडर लावलेलं होतं. त्यांनी कॅलेंडर काढून दुसरीकडे लावलं आणि किल्ली तिथं अडकवली.

जुना गंजलेला स्विच माझ्या लिहायच्या टेबलावर आहे. त्याच्यात आता कुठलीच किल्ली फिरणार नाही. सरदारजीनं पंधरा-वीस वेळा काजळी चढवून केलेली ती किल्लीही, खरी असो की दुसरी असो, कुठं गेली ते माहीत नाही. तो हयात असेल तर ऐंशीच्या पुढं असेल. रेडिओ गावोगाव ऐकला जातो, पालांवरही ऐकला जातो, म्हणून हे बोललो. जीप चोरीला गेली नव्हती, सरदारजी. तुम्ही केलेली किल्ली कामाला आली होती. हे मला तेव्हाच, त्या पारावर, सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं.